निळा उजेड घेऊन पनवेलला

सोलापूरहून पनवेलला मुद्दाम कुणी जात नाही. पनवेलवरून पुढं जातात, कोकणात नाहीतर मुंबईत. मीही ते गाव बसच्या खिडकीतूनच काय ते पाहिलेलं. पण दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरच्या शेवटी मी पनवेललाच गेले, चार दिवस राहिले, आणि जाताना पिशवीत कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि घट्ट बुचाची एक काचेची बाटली घेऊन गेले. बाटलीत पांढरी पूड होती. अल्ट्राव्हायलेट दिव्याखाली धरली की ती निळी उजळायची. ती निळीच उजळते, दुसऱ्या कुठल्या रंगात नाही, हे एका मुलीच्या तोंडावर सिद्ध करायला मी निघाले होते.

आधी थोडं सांगायला हवं. मी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते आणि माझा विषय फॉस्फर. घरातल्या एलईडी दिव्याचं टोपण काढलं तर आत पिवळे ठिपके दिसतात, तो फॉस्फर. आतला दिवा खरं तर निळा असतो. ठिपक्यांतली पूड त्यातला थोडा उजेड पिते आणि पिवळा उजेड सोडते. निळा आणि पिवळा मिळून आपल्या डोळ्यांना पांढरा दिसतो. असल्या पुडी धातू आणि आयोडीन, क्लोरीन अशा मूलद्रव्यांपासूनही बनतात. म्हणजे नात्यानं त्या मिठाच्याच बहिणी. शिसं घातलं की त्या झकास उजळतात, पण शिसं विषारी, म्हणून हल्ली आम्ही काही जण तांब्यावर काम करतो.

प्रणाली म्हात्रे ही पनवेलच्या एका महाविद्यालयात पीएच.डी. करणारी मुलगी. तिनं एका छोट्या शोधपत्रिकेत लिहिलं होतं की सिझियम, तांबं आणि आयोडीन यांची एकच पूड तिनं बनवली आणि ती पांढरी उजळते. एकाच पुडीतून पांढरा उजेड, हे आमच्या धंद्यात मोठंच. आम्ही सोलापुरात तिच्या कृतीनं पाच वेळा पूड केली. पाचही वेळा निळा उजेड. मी तिला दोनदा मेल केली. दोन्ही वेळा उत्तर एकच, "पेपरात लिहिल्याप्रमाणेच केलं आहे." मग मी तिच्या मार्गदर्शकांना, जोशी सरांना, पत्र लिहिलं. त्यात एक वाक्य होतं, "हे आकडे प्रयोगातून आलेले नसून बनवलेले असावेत, अशी शंका येते." लिहिताना त्या वाक्याचा मला थोडा अभिमानच वाटला होता.

आठ महिन्यांनी फोन आला.

"बिराजदार मॅडम? मी प्रणाली म्हात्रे, पनवेलहून. तुमच्या पत्रानंतर सरांनी माझा प्रबंध थांबवलाय. तुम्ही एकदा इथे या. माझ्या हातानं नको, तुमच्या हातानं करून बघा."

आवाजात ना राग होता ना विनवणी. नाही म्हणायला मला कारण सापडेना.

कळंबोली, गुरुवार

पनवेल आलं म्हणून बसवाल्यानं मला जिथं उतरवलं ते पनवेल नव्हतं, कळंबोली होतं. पुलाखाली उभी राहिले तर चहूकडे ट्रेलर. कुणावर लोखंडी पत्र्याची माझ्यापेक्षा उंच गुंडाळी, कुणावर सळया. घाम असा की चष्मा नाकावर थांबेना. आमच्याकडं ऊन भाजतं, पण घाम आला की वाळतो तरी. इथं तो अंगावरच राहायला आला होता.

प्रणाली पनवेलच्या स्टँडवर वाट पाहत असणार म्हणून घाबरत फोन केला, तर ती म्हणाली, "तिथंच थांबा, दहा मिनिटांत येते. मी कळंबोलीतच आहे."

स्कूटरवरून आली. सडपातळ, तिशीच्या आतबाहेर, ओढणी कमरेला बांधलेली. पाया पडली नाही, हसलीही नाही. माझी पिशवी पायांशी ठेवून घेतली.

"तू इथं कशी?" मी विचारलं.

"लोखंड बाजारात काम करते मॅडम, एका व्यापाऱ्याच्या ऑफिसात. प्रबंध थांबल्यावर घरी बसून काय करणार?"

मी मागं बसले आणि आम्ही खांदा कॉलनीतल्या तिच्या खोलीकडं निघालो. पत्र लिहिताना त्याच्या दुसऱ्या टोकाला लोखंड बाजारातली एक खुर्ची असेल, हे माझ्या मनात आलं नव्हतं.

तिची रूममेट गावी गेली होती, त्या पलंगावर माझी सोय होती. संध्याकाळी मी कडक भाकरीचं पुडकं फोडलं. तिला ती आवडली. पापडासारखी मोडून, चटणीला दही लावून तिनं दोन खाल्ल्या. सकाळी उरलेली भाकरी हातात घेतली तर ती ओल्या पुठ्ठ्यासारखी वाकली. घरी हीच भाकरी फडताळात महिनाभर कडकडीत राहते. "तुमच्या पनवेलनं माझ्या भाकरीची अब्रू घेतली," मी म्हटलं, आणि प्रणाली पहिल्यांदा हसली. मीही हसले. वीस वर्षं रसायनशास्त्र शिकवणाऱ्या बाईला त्या मऊ भाकरीनं काहीतरी सुचायला हवं होतं. नाही सुचलं.

प्रयोगशाळा, शुक्रवार

तिनं ऑफिसातून दोन दिवसांची रजा काढली होती. प्रयोगशाळा दुसऱ्या मजल्यावर, एका लांबट खोलीत. एक तराजू, एक भट्टी, खिडकीखाली काळ्या दगडाचा ओटा. खिडकीतून गाढी नदीकडची झाडं दिसत होती आणि पाऊस येत-जात होता. जोशी सर दारात येऊन नमस्कार करून गेले. सज्जन माणूस, पण माझ्याकडे ते परीक्षेच्या निकालाकडं पाहावं तसे पाहत होते.

प्रणालीनं बाटल्या माझ्यापुढं ठेवल्या आणि स्वतः दोन पावलं मागं उभी राहिली. सिझियम आयोडाइड तीन भाग, तांब्याचं आयोडाइड दोन भाग, मी मोजून घेतलं. दगडी खलात घालून घोटायला लागले. हे काम दिसायला आईनं वेलदोडे कुटण्याइतकं सोपं, पण पाऊण तास एका लयीत घोटायचं म्हणजे खांदा भरून येतो. पूड पिठीसाखरेसारखी झाली. दिवा बंद केला, पडदा ओढला, डोळ्यांना चष्मे लावले आणि अल्ट्राव्हायलेट दिवा पेटवला.

निळा. आमच्या सोलापूरच्या बाटलीसारखाच, शांत, स्वच्छ निळा.

खरं सांगते, मला आनंद झाला. लगेच त्याची लाजही वाटली, पण आधी आनंदच झाला.

प्रणाली मात्र खचलेली नव्हती. "पहिल्या दिवशी निळाच येतो मॅडम," ती म्हणाली. "रात्रभर ठेवल्यावर बदलतो."

"ठेवल्यावर? कुठं?"

"इथंच." तिनं खिडकीखालच्या ओट्यावर हात ठेवला. "बशीत."

"उघडी?"

"हो."

आमच्याकडं अशी पूड घोटून झाली की शुष्कपात्रात जाते. म्हणजे जाड काचेचं भांडं, तळाशी ओल शोषणारे खडे, वर घट्ट झाकण. रात्रभर ठेवणं म्हणजे त्यातच ठेवणं, याबद्दल माझ्या मनात कधी प्रश्नच उठला नव्हता.

"शुष्कपात्र कुठंय तुमचं?"

तिनं कपाटाकडं बोट दाखवलं. शुष्कपात्र होतं, झाकणाला आरपार तडा होता.

"मग पेपरात तसं लिहायचं ना! नुसतं 'रात्रभर ठेवले' काय लिहिलंस? मी दोनदा विचारलं तुला."

तिचा चेहरा लाल झाला. "काय लिहू मॅडम? आमच्याकडे साधं शुष्कपात्रपण धड नाही, असं लिहू? मग कोण छापणार होतं माझं?"

 माझ्या विद्यार्थ्यांनी फुटक्या भांड्यांबद्दल कधी लिहिलंय का? मी तरी लिहिलं होतं का? पूड घड्याळकाचेच्या, म्हणजे काचेच्या उथळ, बशीत काढून खिडकीखाली ठेवली. दरवाजाला कुलूप लागलं. किल्ली मी मागून घेतली आणि तिनं ती मुकाट्यानं दिली.

उरणच्या वाटेवर

"आईनं जेवायला बोलावलंय," ती म्हणाली. तिचं गाव उरणच्या बाजूला. न्हावा शेव्याकडे जाणाऱ्या ट्रेलरांच्या रांगेतून तिची स्कूटर अशी निघत होती की मी देवाचं नाव घेत होते. रस्त्याच्या एका अंगाला कांदळवन, दुसऱ्या अंगाला एकावर एक रचलेले कंटेनर, लाल, निळे, गंजलेले.

घर नवं, गुळगुळीत फरशीचं. तिचे वडील बाळाराम म्हात्रे व्हरांड्यात बसले होते. जन्म मिठागरात गेलेला. मिठागरं आता राहिली नाहीत, पण पायांच्या टाचा पांढऱ्या, भेगाळलेल्या तशाच. आईनं ताट मांडलं तेव्हा घोटाळा झाला. मी मासे खात नाही हे प्रणाली सांगायची विसरली होती.

"काय पन नाय? सुका जवला पन नाय?" आईला माझी दयाच आली. मग ओलं खोबरं पेरलेलं वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी माझ्यापुढं आली. आमच्या भाकरीला दात लागतात, ही ओठांनीच तुटत होती. मी तीन खाल्ल्या, तेव्हा कुठं त्या माउलीचं समाधान झालं.

मीठ मागितलं तर वाटीतल्या मिठाला पाणी सुटलेलं. "आवंदा हवाच ओली हाय," आई म्हणाली.

जेवण झाल्यावर प्रणाली आत भांडी आवरत होती. बाळाराम माझ्यासमोर पाटावर बसले.

"मॅडम, एक इचारू?"

"विचारा ना."

"त्या कागदावर तुमीच लिवलं ना, माजी पोर खोटं करते म्हनून?"

मला वाटलं होतं, त्यांना कुठलं माहीत असणार. मी 'हो' म्हटलं. 

 "आमी मीठ पिकवलं. पाऊस आला तर सगलं जायाचं. परत पिकवायचं. पन मीठात माती मिसलली नाय कदी." मग माझ्याकडं सरळ पाहून म्हणाले, "तुमी सोता बघाया आल्यात, ह्ये बरं केलंव. बघा. खोटं निगालं तर मला तोंडावर सांगा. तिला नको, मला सांगा."

त्या माणसाच्या घरचं जेवून मी उठले. परतताना वाटेत मनाशी म्हटलं, उद्या सकाळी ती पूड पांढरी उजळो. वैज्ञानिकानं असं काही मागू नये. मी मागितलं.

शनिवार

सकाळी कुलूप मी उघडलं. जोशी सरही आले होते. पडदा, चष्मे, दिवा.

निळा.

 जोशी सरांनी एक सुस्कारा सोडला आणि हळूच म्हणाले, "प्रणाली, बघितलंस ना?" ती भिंतीला टेकून उभी होती.  आता ती रडेल असं मला वाटलं. त्याऐवजी ती ओट्याजवळ आली आणि वाकून पाहू लागली.

"हे झाकण कुणी ठेवलं?"

बशीवर दुसरी घड्याळकाच पालथी घातलेली होती.

"मी," मी म्हटलं. "काल निघताना. धूळ पडेल म्हणून." हाताला वीस वर्षांची सवय. ठेवल्याचं मला आठवतही नव्हतं.

"मी कधी झाकत नाही मॅडम."

तिनं काच उचलली आणि दिवा जवळ धरला. काच एका बाजूला किंचित कलंडली होती, फट राहिली होती. त्या फटीखाली, बशीच्या कडेला, नखाएवढी एक कोर निळी नव्हती. ती पिवळसर होती. आणि कोर जिथं निळ्याला मिळत होती तिथं एक बारीक पांढरट रेघ होती.

"सर," प्रणाली म्हणाली, "तुम्ही पण बघा."

तेव्हा मला मऊ पडलेली भाकरी आठवली, आणि वाटीतलं पाणी सुटलेलं मीठ. सगळं एकदम. सिझियम आयोडाइड हेही मीठच, आणि पाणी पिण्यात घरातल्या मिठाइतकंच हावरं. ओल्या हवेत ते पुडीतून थोडं थोडं विरघळून वेगळं होत असणार. ते कमी झालं की उरलेल्या सिझियम, तांबं, आयोडीनची जुळणी बदलते आणि दुसराच पदार्थ तयार होतो, पिवळा उजेड देणारा. खाली निळा, वर पिवळा. डोळ्याला पांढरा.

"पण हा अंदाज झाला," मी म्हटलं. "करून बघायला हवं."

मी एक दिवस मुक्काम वाढवला. कालच्या पुडीचे दोन भाग केले. एक मी बाटलीबरोबर आणलेले ओल शोषणारे खडे घालून डबीत घट्ट बंद. दुसरा खिडकीखाली उघडा. मग प्रणालीनं माझ्या पिशवीकडं पाहिलं.

"मॅडम, तुमची पूड?"

सोलापुरात, माझ्या प्रयोगशाळेत, माझ्या विद्यार्थ्यानं केलेली. तिच्यावर पनवेलच्या कुणाचा हात लागलेला नव्हता. मी बूच काढलं आणि ती दुसऱ्या बशीत ओतली. ओतताना वाटलं, माझ्या पत्राची बाजू सांगणारा एकमेव साक्षीदार मी स्वतःच उघड्यावर ठेवतेय.

या वेळी किल्ली मी जोशी सरांना दिली.

रविवार

दिव्याखाली डबीतली पूड निळी होती. खिडकीखालची पांढरट होती, दुधात किंचित हळद पडल्यासारखी. आणि माझी सोलापूरची पूड? तीही पांढरट. थोडी कमी, पण पांढरट.

प्रणालीनं दिवा बंद केला नाही. ती वाकून तिन्ही पुडींकडं आळीपाळीनं पाहू लागली. मग तिनं चष्मा वर केला आणि डोळे पुसले.

"माझं चुकलंच की पण," ती म्हणाली.

"काय चुकलं?"

"मी लिहिलंय, एकाच पदार्थातून पांढरा येतो. हे तर दोन पदार्थ आहेत. आणि आणखी दोन दिवसांनी हे पिवळंच होईल. मी पहिल्या सकाळी मोजायचे आणि बशी धुऊन टाकायचे. पुढं बघितलंच नाही कधी."

तिला आता नुसता आनंद करता आला असता. आठ महिने मान खाली घालून काढलेल्या मुलीला तेवढा हक्क होता. ती मात्र पहिल्या पाच मिनिटांत स्वतःच्या निष्कर्षाला हात घालत होती. अशा मुलीबद्दल मी 'बनवलेले' हा शब्द लिहिला होता.

जोशी सरांनी कागद दिला. त्या ओट्यावरच बसून मी पत्र लिहिलं. एक प्रत त्यांना, एक शोधपत्रिकेला. लिहून झाल्यावर प्रणालीला वाचायला दिलं. तिनं शेवटच्या परिच्छेदावर बोट ठेवलं.

"'बनवलेले' मागे घेतलंत, बस झालं मॅडम. पण 'निष्कर्ष योग्य आहे' हे काढा. तो योग्य नाहीये."

मी ते वाक्य खोडलं.

"बाबांना फोन लावू?" तिनं विचारलं आणि माझ्या उत्तराआधीच लावला. फोन माझ्या हातात आला तेव्हा मनात जुळवलेलं सगळं विसरले.

"तुमच्या मुलीनं खोटं केलं नव्हतं," मी म्हटलं. "मीच नीट न बघता लिहिलं. माफ करा."

पलीकडून ट्रेलरचा आवाज येत होता. मग ते म्हणाले, "बरं झालं. भाकरी बांधून देऊ का मॅडम वाटंला?"

पुन्हा एकदा

पुढच्या वर्षी, उन्हाळ्याच्या तोंडाशी, मी परत पनवेलला गेले, या वेळी नीट स्टँडवर उतरून. प्रणालीच्या प्रबंधाची तोंडी परीक्षा होती. मी परीक्षक नव्हते, मागच्या रांगेत बसले होते. पांढऱ्या उजेडाचं प्रकरण तिनं सगळं नव्यानं लिहिलं होतं, ओल किती असताना पूड किती तासांत बदलते याच्या मोजमापासकट. बाळाराम धुतलेल्या सदऱ्यात पहिल्या रांगेत होते.

बाहेरगावचे परीक्षक कडक होते. "म्हणजे तुमचा मूळ दावा चुकीचा होता?" त्यांनी विचारलं.

"हो सर," ती म्हणाली. "मी जे पाहिलं ते खरं होतं. त्याचा अर्थ चुकीचा लावला होता." आणि कुठं, कशानं चुकलं, ते तिनं स्वतःच फळ्यावर मांडलं. परीक्षकांनी पुढचे तीन प्रश्न विचारले, ते तिची परीक्षा पाहण्यासाठी नव्हते, त्यांना स्वतःलाच उत्तर हवं होतं. मागच्या रांगेतूनही तेवढं कळत होतं.

शेवटी तिनं खोलीतले दिवे घालवले. टेबलावर दोन बशा. अल्ट्राव्हायलेट दिव्याखाली एक निळी उजळली, दुसरी पांढरी. खोलीत कुजबुज झाली. बाळाराम उठले. कुणी थांबवलं नाही. ते टेबलापाशी आले, चष्मा घातला, हात मागं बांधून एकदा या बशीत वाकून पाहिलं, एकदा त्या बशीत. इतकी वर्षं मुलगी जे करत होती ते त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं.

"यातला तुजा कंचा?" त्यांनी भर सभेत विचारलं.

सगळा वेळ पुस्तकी मराठी बोलणारी प्रणाली अंधारात हसली.

"दोनी माजंच हाय, बाबा."